डब्यातले चिंचोके संपले तर? आरोग्य विमा योजना समजून घेण्याचा एक पाठ



मागच्या पालकसभेनंतर एक आई दारातच थांबून राहिल्या. मला वाटलं, मुलीच्या अभ्यासाबद्दल काही विचारायचं असेल. बाकीचे पालक गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बाई, ती मोफत दवाखान्याची योजना बंद होणार म्हणे. खरं आहे का? ह्यांचं डायलिसिस त्याच्यावरच चालू आहे." त्यांनी मोबाइलवर आलेला एक मेसेज दाखवला. त्यात तारीख नव्हती, कोणी लिहिलंय ते नव्हतं, शेवटी नुसतं 'सर्वांना पाठवा'.

मी म्हटलं, "तसं काही नाही हो, काळजी करू नका." घरी जाताना मात्र मलाच बोचायला लागलं. मला काय माहीत होतं? काहीच नाही. आपण शिक्षक आपल्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलमागे महिनोन्‌महिने फिरतो, पण वर्गातल्या निम्म्या घरांचा ज्या योजनेवर भरवसा आहे ती कशी चालते, तिच्यात पैसा कुठून येतो, कमी पडला तर काय होतं, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता त्यातून पाचवीच्या वर्गासाठी एक खेळ तयार झाला. आधी तो सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या खेळातूनच कळायला सोपी जाते.

चिंचोक्यांचा विमा

माझ्या वर्गाचा पट 24. प्रत्येकाने 5 चिंचोके आणून एका डब्यात टाकले. डब्यात झाले 120. एक मुलगी खजिनदार, एक मुलगा 'दवाखाना'. मी चिठ्ठ्या केल्या होत्या. बऱ्याचशा कोऱ्या, काहींवर आजार आणि त्याचा खर्च. ताप 5, दात 5, चष्मा 5, न्युमोनिया 10, हात मोडला 20, अपेंडिक्स 30, साप चावला 30, डायलिसिस 40. ज्याला आजाराची चिठ्ठी येईल त्याचा खर्च खजिनदाराने डब्यातून दवाखान्याला द्यायचा. हे झालं एक वर्ष.

पहिल्या वर्षी सहा जण आजारी पडले, 95 चिंचोके गेले, 25 उरले. मुलं खूश. ज्याला अपेंडिक्सची चिठ्ठी आली होती तो म्हणाला, "बाई, मी पाच दिले आणि मला तीस मिळाले!" आणि ज्याला कोरी चिठ्ठी आली त्याचं तोंड पडलं. त्याचे पाच 'वाया' गेले म्हणे. इथे थांबून विमा म्हणजे काय ते बोलून घेतलं. आजारी न पडणं यात तोटा कुठला? पाचवीतल्या मुलांना हे पटायला दहा मिनिटं लागली. मोठ्यांना किती लागतील सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी मी सांगितलं, यंदा पाऊस नाही, कामं नाहीत, म्हणून प्रत्येकाकडे द्यायला तीनच चिंचोके आहेत. 72 जमा झाले, मागचे 25, एकूण 97. आणि वाईट वर्ष म्हणून मी आजाराच्या चिठ्ठ्या वाढवल्या. नऊ जण आजारी. दोन ताप आणि बाकीचे सगळे एकेक. बेरीज फळ्यावर केली, 150. म्हणजे 53 कमी.

"आता काय करायचं?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले.

उत्तरं धडाधड आली. "ज्यांच्याकडे घरी जास्त चिंचोके आहेत त्यांनी आणखी द्या." "तापाला आणि दाताला काही देऊ नका." "आजारी पडलेल्यांनी थोडे स्वतःचे भरावेत." "दवाखान्याला निम्मेच द्या." यावर दवाखाना झालेला मुलगा उठून म्हणाला, "मग मी दवाखानाच बंद करतो." एक जण म्हणाला, "दवाखान्याला सांगा, पुढच्या वर्षी देतो." सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "जे नवीन आलेत त्यांना देऊ नका." वर्गात दिवाळीनंतर आलेला ऊसतोड कुटुंबातला एकच मुलगा नवीन होता, आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आणि शेवटी, "बाई, चिठ्ठ्या टाका ना, ज्याचं नाव येईल त्याला!"

मग आम्ही हिशेब करायला लागलो. ताप, दात, चष्मा काढून टाकले तर वाचतात 20. पाहिजेत 53. सोबत अपेंडिक्सही काढलं तर 50. तरी तीन कमीच. एक हुशार मुलगा फळ्याकडे बघत म्हणाला, "डायलिसिस काढलं की एकदम चाळीस वाचतात. मग ताप, दात, चष्मा काढले की झालं."

गणित बरोबर होतं. आणि मला तेव्हा लक्षात आलं की मी काय करून बसलेय. त्या आईची मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. ती रडली वगैरे नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दात नंतर पण करता येतो. ते नंतर नाही करता येत."

वर्ग गप्प झाला. मी पण. तास संपला म्हणून सुटले, खरं सांगते.

हे सगळं खरंच घडलेलं आहे

मुलांनी दिलेली ही सगळी उत्तरं मोठ्या माणसांनी, सरकारांनी वापरून पाहिलेली आहेत. जवळजवळ सगळीच्या सगळी एकाच राज्यात. ते राज्य म्हणजे अमेरिकेतलं ओरेगन, पश्चिम किनाऱ्यावरचं, कॅलिफोर्नियाच्या वरचं. आपल्या योजनेकडे येण्याआधी त्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिथे जे जे झालं त्याची नोंद नीट ठेवली गेली आहे.

अमेरिकेत 1965 पासून गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे. पैसे केंद्र आणि राज्य मिळून घालतात आणि योजना राज्य चालवतं. तिथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांना जमाखर्च जुळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कर्ज काढून रोजचा खर्च भागवता येत नाही. आता मंदी आली की काय होतं बघा. लोकांच्या नोकऱ्या जातात, म्हणून कर कमी जमा होतो. आणि ज्यांची नोकरी गेली तीच माणसं योजनेच्या दारात येऊन उभी राहतात. डब्यात चिंचोके कमी आणि आजाराच्या चिठ्ठ्या जास्त, दोन्ही एकाच वर्षी. म्हणूनच मी खेळाचं दुसरं वर्ष तसं केलं होतं. ओरेगनला तर हा फटका जास्तच बसतो, कारण तिथे विक्रीकर नाही, राज्याची मुख्य कमाई प्राप्तिकरातून.

1987 साली ओरेगनच्या विधिमंडळाने ठरवलं की मेडिकेडमधून अवयव प्रत्यारोपणाचा खर्च द्यायचा नाही. त्यांच्यापुढे हिशेब होता तो असा. तेवढ्या पैशात सुमारे 34 जणांची प्रत्यारोपणं होतील, किंवा सुमारे 1,500 जणांना, त्यातही गरोदर बायका आणि लहान मुलांना, साधी वैद्यकीय सेवा देता येईल. कागदावर कुणीही 1,500 च निवडेल. त्याच वर्षाच्या शेवटी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा वारला. त्याला बोन मॅरो प्रत्यारोपण हवं होतं. घरच्यांनी वर्गणी गोळा करायला घेतली होती, बरीचशी जमली, पण पुरती जमण्याआधी वेळ संपली. देशभरच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्या मुलाचा चेहरा आला. त्या 1,500 जणांचे चेहरे कुणी दाखवले नाहीत. दाखवणार तरी कसे?

त्या वेळी तिथल्या सिनेटचे अध्यक्ष होते जॉन किट्झहाबर. पेशाने डॉक्टर, तातडीच्या विभागात काम केलेले. त्यांचा मुद्दा असा होता की पैसे कमी पडले की आपण गुपचूप माणसांनाच योजनेबाहेर काढतो. आणि बाहेर काढलेला माणूस दिसत नाही, म्हणून ते सोपं जातं. त्यापेक्षा गरीब असलेल्या सगळ्यांना आत घ्या, आणि काय द्यायचं व काय नाही याची यादी उघडपणे सगळ्यांसमोर करा. 1989 मध्ये तसा कायदा झाला. 11 जणांचा आयोग नेमला गेला. गावोगावी सभा घेतल्या, फोन करून लोकांची मतं विचारली.

आणि मग यादी. 1990 मध्ये पहिली यादी संगणकातून बाहेर पडली. सोळाशेहून जास्त उपचार, खर्च आणि फायदा यांच्या भागाकाराने क्रमवार लावलेले. त्यात दाताला टोपी बसवणं हे अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर आलं! कसं काय? गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. दाताचा फायदा लहान, पण खर्च त्याहून लहान. अपेंडिक्सचा फायदा म्हणजे अख्खा जीव, पण खर्च मोठा. मोठ्या संख्येला मोठ्या संख्येने भागलं की उत्तर छोटं येऊ शकतं. भागाकारात चूक नव्हती, पण जीव जाणं आणि दात दुखणं हे एकाच फूटपट्टीने मोजलं गेलं होतं. टीका झाली आणि आयोगाने यादी पुन्हा हाताने लावली.

1992 मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याला यादी धरून नाही, असं कारण दिलं. दुरुस्ती झाली, 1993 मध्ये परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी 1994 मध्ये योजना सुरू झाली. 696 ओळींची यादी, 565 व्या ओळीखाली एक रेघ. रेघेच्या वर जे आहे ते सगळं मिळेल, खाली आहे ते मिळणार नाही. खाली होते ते बरेचसे आपोआप बरे होणारे किंवा उपचाराचा फारसा उपयोग नसलेले आजार. कायद्याने मुद्दाम असं बांधून ठेवलं होतं की पैसे कमी पडले तर माणसं काढायची नाहीत, डॉक्टरांचे दर कापायचे नाहीत, रेघ वर सरकवायची. म्हणजे जे काय कमी होईल ते सगळ्या राज्याला दिसेल.

हे वाचताना मला हेवा वाटला. चूक असेल, क्रूर वाटेल, पण लपवलेलं तरी नाही. काही वर्षं त्याचा फायदाही दिसला. विमा नसलेल्यांचं प्रमाण सुमारे 18 टक्क्यांवरून 11 टक्क्यांपर्यंत खाली आलं.

पण रेघ फारशी सरकलीच नाही. सरकवायला दर वेळी केंद्राची परवानगी लागायची आणि ती सहज मिळत नव्हती. 2001 नंतर मंदी आली तेव्हा ओरेगन माझ्या पाचवीच्या वर्गासारखंच वागलं. आधी जास्त असणाऱ्यांकडून जास्त घेऊन बघितलं. 28 जानेवारी 2003 ला मतदारांना विचारलं, काही काळ थोडा जास्त प्राप्तिकर द्याल का? मतदार म्हणाले, नाही. वर्षभराने पुन्हा करवाढ मतदानाला आली, पुन्हा नाही. म्हणजे मुलांचं पहिलं उत्तर बाद.

मग 'आजारी पडलेल्यांनी थोडे स्वतःचे भरावेत'. 2003 मध्ये योजनेचे दोन भाग केले. त्यातल्या एका भागातल्या मोठ्या माणसांना उत्पन्नाप्रमाणे दरमहा 6 ते 20 डॉलर हप्ता लावला, शिवाय डॉक्टरकडे गेलं की वेगळे पैसे. हप्ता चुकला तर सहा महिने बाहेर. ज्यांचं उत्पन्न शून्य आहे त्यांनाही 6 डॉलर. सहा डॉलर म्हणजे तिथे एक साधं जेवण. कुणालाही वाटेल, एवढे तर भरतीलच. वर्ष संपेपर्यंत त्या भागातली सुमारे 1 लाख माणसं निम्म्यावर आली. कुणालाही 'तुम्ही अपात्र' असं सांगावं लागलं नाही. माणसं आपोआप गळली, आणि जास्तीत जास्त गळाली ती सगळ्यात गरीब.

माझ्या मते ही गोष्टीतली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी जागा आहे. आपल्या शाळेतही आपण हे बघतो. सहलीला दीडशे रुपये लावले की कोणती मुलं 'आम्हाला यायचंच नाही' म्हणतात?

2004 मध्ये 'जे नवीन आलेत त्यांना देऊ नका' हे झालं. त्या भागात नवीन नावं घेणं बंद. चार वर्षांनी, 2008 मध्ये, आत राहिलेल्यांची संख्या इतकी घटली होती की 10,000 जागांपुरते पैसे आहेत असं लक्षात आलं. नावं मागवली तर आली सुमारे 90,000. मग राज्याने खरोखर चिठ्ठ्या टाकल्या!

आणि त्यातून एक वेगळीच गोष्ट निघाली. कुणाला विमा मिळाला आणि कुणाला नाही हे निव्वळ नशिबाने ठरलं होतं, त्यामुळे दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतीत सारखे. एमी फिंकेलस्टाइन आणि कॅथरिन बेकर या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांचा अभ्यास केला. दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर यांत लक्षणीय फरक दिसला नाही. विमावाल्यांचं तातडीच्या विभागात जाणं कमी होईल असं अनेकांना वाटत होतं, ते उलट सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. पण नैराश्याचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांनी कमी झालं, आणि दवाखान्यामुळे घर बुडेल इतका खर्च होणं जवळजवळ थांबलं. कुणी म्हणालं, बघा, तब्येत सुधारत नाही मग पैसे कशाला घालवायचे. माझं मत विचाराल तर, घर न बुडणं आणि रात्री झोप लागणं ही छोटी गोष्ट वाटणारा माणूस कधी कर्ज काढून दवाखान्यात गेलेला नसावा. पुढे 2014 मध्ये ओबामांच्या कायद्यामुळे केंद्राने नव्या लोकांचा जवळजवळ सगळा खर्च उचलला, तेव्हा ओरेगनने दार पुन्हा सगळ्या गरिबांना उघडलं.

आता आपल्या डब्याकडे

आपल्याकडे 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सगळ्या राज्यात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, 972 प्रकारचे उपचार. हप्ता सरकार भरणार, सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. 2020 मध्ये दोन्ही एकत्र चालवायला लागले तेव्हा हप्ता कुटुंबामागे 797 रुपये होता. मुलांना हा गुणाकार द्या. एक लाख कुटुंबांचे किती? सात कोटी सत्त्याण्णव लाख. आणि आपल्या राज्यात अशी लाखो कुटुंबं आहेत.

करोनात, मे 2020 मध्ये, योजना सगळ्याच नागरिकांना खुली केली. आणि जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती कायमची मोठी झाली. कार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, 1,356 उपचार. अंमलबजावणी 1 जुलै 2024 पासून.

म्हणजे आपल्याकडे योजना लहान होत नाही, मोठीच होत गेलीय. मग काळजी कसली? डब्याची. 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी रुपये दाखवली आहे. राज्याला कर्ज काढता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे. आत येणारे वाढले, चिठ्ठ्या वाढल्या, आणि त्याच डब्यातून बाकी सगळी वचनंही भागवायची आहेत. त्यात आपले पगारही आले, हे विसरून चालणार नाही.

अशा वेळी 'योजना बंद' असा आदेश कुठलंही सरकार काढत नाही. निवडणुका असतात! मग 5 लाखांचा आकडा फलकावर तसाच राहतो आणि मागच्या चाव्या फिरतात. त्या चाव्या कोणत्या, हे माझ्या वर्गाने पंधरा मिनिटांत सांगितलं होतं.

एक चावी यादीची. यादीत ठरावीक उपचार आहेत याचाच अर्थ यादीबाहेरही काहीतरी आहे. शिवाय यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयातच मिळतात, खासगीत नाही. आणि ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. रोजची बीपीची, साखरेची गोळी बहुतेक घरांत खिशातूनच येते. 5 लाखांची घोषणा ऐकलेल्या किती पालकांना हे माहीत असतं, पुढच्या सभेत विचारून बघा.

दुसरी चावी दरांची. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. महागाई वाढत गेली आणि पॅकेज तेवढंच राहिलं तर ते कापल्यासारखंच आहे. मग तो मुलगा म्हणाला तसं, "मी दवाखानाच बंद करतो." दवाखाना बंद होत नाही, योजनेतून बाहेर पडतो, किंवा 'बेड शिल्लक नाही' असं ऐकू यायला लागतं. अमेरिकेतही मेडिकेडचे दर कमी असल्याने अनेक डॉक्टर मेडिकेडचे नवे रुग्ण घेत नाहीत.

तिसरी चावी म्हणजे 'पुढच्या वर्षी देतो'. यावर मुलं हसली होती, पण हीच सगळ्यात जास्त फिरते असं मला वाटतं. ऑगस्ट 2025 मध्ये हरियाणातल्या अनेक खासगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांसाठी आयुष्मान योजनेतले उपचार थांबवले होते. तिथे कागदावर योजना एक दिवससुद्धा बंद नव्हती. यादी तीच, 5 लाख तेच, कार्डही तेच. रुग्णाला मात्र दारातून परत जावं लागत होतं.

आणि चौथी कागदपत्रांची. आधार जोडणी, केवायसी, नावातला काना-मात्रा. खोटे लाभार्थी रोखायला हे लागतं, मान्य आहे. पण ओरेगनच्या सहा डॉलरची आठवण ठेवा. छोटी अडचण सगळ्यांना सारखीच छोटी नसते. ज्या घरात आईवडील सहा महिने ऊसतोडीला असतात, त्यांचं ई-केवायसी कोण करणार आणि कधी?

त्या आईंना मी पुन्हा बोलावलं. सांगितलं, योजना बंद झाल्याचा कुठलाही आदेश मला सापडला नाही, तो मेसेज पुसून टाका. पण निर्धास्तही राहू नका. मग आम्ही दोघींनी मिळून कामं काढली. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं एकसारखी आहेत का बघितलं, तर मालकांच्या नावात फरक निघाला. तो आधी दुरुस्त करायला सांगितला. रुग्णालयात योजनेचा जो आरोग्यमित्र बसतो त्याला विचारून ठेवायला सांगितलं की वर्षाच्या 5 लाखांतले किती वापरले गेले, कारण ही रक्कम पूर्ण कुटुंबाची मिळून असते. आणि उद्या हे रुग्णालय योजनेतून बाहेर पडलं तर जवळचं दुसरं कोणतं, तेही आजच माहीत करून घ्या म्हटलं. योजना राज्यातल्या यादीवरच्या कुठल्याही रुग्णालयात चालते, आपल्याच जिल्ह्यात हवं असं नाही. पैसे मागितले तर पावती मागा आणि 155388 किंवा 1800 233 2200 वर फोन करा. हे दोन्ही नंबर मी आमच्या वर्गाच्या सूचना फलकावर लावलेत. पालक शाळेत येतात तेव्हा तिथे नजर जातेच.

त्या म्हणाल्या, "एवढं कुणी सांगितलंच नाही, बाई." मी काय बोलणार! पालकसभेच्या दिवशी मीही नव्हतंच सांगितलं.

वर्गात घेताना

पाचवी ते सातवीला खेळ चांगला चालतो. सलग दोन तासिका ठेवा, एका तासात आटपत नाही. चौथीला दुसरं वर्ष थोडं जड जातं, पहिल्यावर थांबलं तरी चालेल. चिंचोके नसतील तर खडे, बिया काहीही. 24 च्या वर्गाला दोनशे पुरतात. आकडे मी वर दिलेलेच ठेवा. 53 ची तूट मुद्दाम अशी आहे की नुसत्या लहान गोष्टी कापून ती भरत नाही, त्यामुळे मुलांना खरंच विचार करावा लागतो.

मुलांच्या उत्तरांना चूक-बरोबर म्हणू नका, फळ्यावर लिहून प्रत्येकाचा हिशेब करा. 'नवीन आलेल्यांना नको' हे उत्तर आलं की तिथे मात्र थोडा वेळ द्या. आमच्या वर्गात त्या ऊसतोडीच्या मुलाने स्वतःच विचारलं, "मी पण पाच टाकलेत ना?" डबा उघडून मोजायला कुणी गेलं नाही, पण ते उत्तर मुलांनी स्वतःहून फळ्यावरून पुसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो हिशेब पुन्हा केला. बराच वाद झाला. शेवटी दवाखान्याने दर थोडे कमी केले, चष्मा आणि दात पुढच्या वर्षावर गेले, आणि नऊ जणांनी घरून जास्तीचे चिंचोके आणले. तरी चार कमी पडले. ते दवाखान्याने उधार ठेवले आणि वहीत मागच्या पानावर लिहून घेतले. अजून दिलेले नाहीत.

चिठ्ठ्या लिहिण्याआधी वर्गातल्या घरांत कुणाला काय आजार आहे ते आठवून बघा. मी बघितलं नव्हतं. आता माझ्या संचात डायलिसिसची चिठ्ठी नाही. तिच्याजागी 'कायम चालू ठेवावा लागणारा उपचार, 40' असं लिहिलं आहे.